जुनं करायचं काम

वैशाखाचं ऊन दगडखाणीच्या मैदानावर सकाळी नवालाच तापू लागे. तोवर रुक्मिणी परब तीस-बत्तीस बायकांना नऊवारी नेसवून मोकळी झालेली असायची. कांदिवलीच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेला ही खाण. दगड काढणं बंद होऊन जमाना झाला. आता तिथं एका ऐतिहासिक मालिकेचा सेट उभा होता. प्लायवूडची वेस, प्लास्टरचं देऊळ, गवताने शाकारलेली दहा-बारा घरं. घरांना पुढची भिंत होती, मागची नव्हती. मागे बांबू, वायरी आणि पाण्याची पिंपं.

रुक्मिणीला कपडेपटात लागून सहा वर्षं झाली होती. तिची आई जन्मभर नऊवारी नेसली, त्यामुळे कासोटा कसा बसवायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तोंडात पिना धरायच्या, गुडघ्यांवर बसायचं, निऱ्या चापून खोचायच्या, पाठीवर थाप मारायची, की पुढची बाई. दुपारनंतर दुसरं काम, जुनं करायचं. बाजारातून आलेले कोरे कपडे चहाच्या पाण्यात उकळायचे, कातळावर वाळवायचे, मग गुडघा, कोपर, मान, जिथं जिथं माणूस कपडा झिजवतो तिथं तिथं रेगमाळाच्या खरखरीत कागदाने घासायचं. घासून घासून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. वय बासष्ट. उकिडवं बसलं की उठताना जमिनीला हात लावावा लागे.

घरी देवाच्या फोटोमागे एक कागद बारा दिवस पडून होता. त्यावर तिची आणि नवऱ्याची सही हवी होती.

तिचा मुलगा हर्षद नऊ वर्षांपूर्वी घरातून गेला तो परत आला नव्हता. त्याने अंधेरीच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती आणि महिनाभर घरी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा सगळे जेवायला बसले होते. गुणाजी, त्याचा बाप, विक्रोळीच्या कंपनीत तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. तो एवढंच म्हणाला, "कमावशील तेव्हा जेव." हर्षदने पहिला घास गिळला, ताटात पाणी ओतलं आणि उठला. सकाळी सगळे जागे व्हायच्या आत निघून गेला. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्याच्या लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं.

सून अपूर्वा तेव्हा पंचविशीची होती. माहेरी कुणी उरलं नव्हतं, ती इथंच राहिली. बोरिवलीला एका लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट द्यायचं काम करायची. सासऱ्याच्या गुडघ्यांना तेल लावायची, सासूला 'आई' म्हणायची. तिथंच काम करणाऱ्या श्यामकांत नावाच्या विधुर माणसाने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने आधी घरी येऊन सांगितलं. रुक्मिणी म्हणाली, "कर गो बाई, मी का तुला अडवू." तिने ते मनापासून म्हटलं होतं. मग वकिलाने सांगितलं की सात वर्षांहून जास्त काळ नवऱ्याविषयी काही ऐकू आलं नाही, तर कोर्ट लग्न मोडून देतं. आईवडिलांनी तसं लिहून दिलं तर बरं. कागद आला, आणि रुक्मिणीच्या हाताला पेन धरवेना.

"आज करते," ती रोज म्हणायची.

सोमवारी दुपारी जेवणाची सुट्टी झाली. सेटवर आधी कलाकार जेवायचे, मग कॅमेरावाले, मग गर्दीतली माणसं. गर्दीच्या वाट्याला येईतो डाळीत पाणीच उरलेलं असायचं. त्या गर्दीतला निलेश ती डाळ घेऊन देवळाच्या मागे रुक्मिणीजवळ यायचा. पस्तिशीचा, हडकुळा, कधी मावळा, कधी भिकारी, कधी मेलेला. रुक्मिणी त्याच्यासाठी एक भाकरी आणि सुकटाची चटणी जास्त आणायची. निलेश महिन्यातून दोनदा उंबरगावच्या सेटवरही कामाला जाई, आणि तो निघाला की ती न चुकता सांगायची, "स्टेशनात जरा इकडंतिकडं बघ हां."

त्या दिवशी त्याने भाकरी मोडली आणि खाली बघत म्हणाला, "मावशी, दिसला यार तुमचा मुलगा."

हातातली चटणी तिने परत डब्यात ठेवली.

"उंबरगावला, स्टेशनच्या बाहेर टपरीवर. चहा पीत होता. मी हाक मारेपर्यंत रिक्षात बसून गेला."

"कसा होता?"

"बरा होता. बारीक झालाय थोडा. तोच तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. बघून लगेच क्लिक झालं."

दुपारभर तिने काय घासलं ते तिला आठवत नव्हतं. घरी पोचली तेव्हा अपूर्वा भात वेळत होती आणि गुणाजी दारात पाण्याचा ड्रम भरत होता. रुक्मिणीने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं.

अपूर्वाने पातेलं खाली ठेवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज लॅबच्या काउंटरवर असतो तसा सरळ होता. "फोटो काढला का त्याने?"

"चहा पिणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढतं?"

"नऊ वर्षांनी दिसलेल्या माणसाचा काढतात, आई. हातात मोबाईल असतो सगळ्यांच्या."

"म्हणजे तो खोटं बोलतो?"

"मी तसं नाही म्हणाले." अपूर्वा ओट्याला टेकली. "आई, त्या कागदात हर्षद जिवंत नाही असं कुठेच लिहिलेलं नाही. आपल्याला काही कळलेलं नाही, एवढंच लिहिलंय."

"आता कळलंय ना. मग कसं लिहू, कळलं नाही म्हणून?"

"मी श्यामकांतना काय सांगू?"

"थांब म्हणावं."

"किती?"

रुक्मिणी चप्पल काढायला वाकली. अपूर्वाने सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट मात्र घेतलं नाही. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरून ठेवली. तिच्या पाठीकडे बघताना रुक्मिणीला वाटलं, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. रविवारी जाऊन यायचं, टपरीवाल्याला विचारायचं.

अपूर्वा बाहेर गेल्यावर गुणाजी म्हणाला, "उंबरगावाक जाव नको."

"कित्याक?"

"उन्हाचा." एवढंच म्हणून तो ड्रमावर झाकण बसवू लागला. झाकण बसलं होतं तरी बसवत राहिला.

मंगळवारपासून सेटवर नव्या भागाची तयारी सुरू झाली. आठ वर्षांपूर्वी उत्तरेच्या मोहिमेवर गेलेला एक शिपाई गावात परत येतो आणि एका म्हातारीच्या दारात उभा राहून 'आई' म्हणतो, असा तो भाग होता. शिपायाचे कपडे जुने करायचं काम रुक्मिणीकडे आलं. एरवी ती असलं काम गप्पा मारता मारता करायची. या वेळी ती एकटी बसली. सदरा मांडीवर घेतला की तिला त्यात माणूस दिसू लागे. ओझं कुठल्या खांद्यावर घेत असेल? तिथं जास्त घासलं. झोपताना उशाला काय घेत असेल? बाहीच. मग बाही घासली. हर्षद उजव्या कुशीवर झोपायचा. तिने उजवी बाही इतकी घासली की धागे सुटले. त्या धाग्यांवरून हात फिरवताना कुणीतरी मागे उभं आहे असं तिला वाटलं. वळून बघितलं. प्लास्टरची भिंत होती, तिच्यावर तिचीच सावली.

तीन दिवस हे असं चाललं. रस्त्यात कुणाची पाठ दिसली तरी ती थबकायची. घरी जेवताना एक ताट जास्त घ्यायची आणि परत ठेवायची. अपूर्वा ते बघायची आणि नजर वळवायची.

शुक्रवारी दुपारी ऊन सोसेना म्हणून ती पंख्याजवळच्या रिकाम्या खुर्चीवर सदरा घेऊन बसली. सेटवरचा एक माणूस धावत आला. "ओ मावशी, उठा उठा. रायटर मॅडमची खुर्ची आहे."

रुक्मिणी उठली. पदराने तिने खुर्ची पुसूनही दिली. मग खाली कातळावर बसली. कातळ पातळातून चटका देत होता.

पद्मजाबाई मालिका लिहायच्या. मुलुंडहून यायच्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांना तो प्रकार दिसला होता. त्यांनी खुर्ची बाजूला केली आणि शेजारच्या पिंपावर टेकल्या. "बघू कपडे."

रुक्मिणीने सदरा दिला.

"छान केलाय. खरंच कुणाच्या तरी अंगावरचा वाटतो."

रुक्मिणीने तीन दिवस मनात असलेलं विचारलं. "मॅडम, ती म्हातारी त्याला ओळखते?"

"ओळखते. म्हणजे, तो आपला मुलगा नाही हे तिला लगेच कळतं. दुसराच कुणीतरी आहे, आसरा शोधत आलेला."

"मग घरात घेते?"

"घेते. गावासमोर सांगते, हाच माझा."

"का?"

पद्मजाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मलाही नीट सांगता यायचं नाही. रिकाम्या दारापेक्षा तिला तेवढं पुरत असेल. त्या काळी गेलेल्या माणसाची बातमीच यायची नाही. बायका जन्मभर दाराशी बसायच्या."

"हे खरं घडलेलं आहे?"

"नाही, मी रचलंय. पण कुठल्यातरी गावात असं झालंच असेल, नाही का?"

"त्याची बायको काय म्हणते?"

"कुणाची?"

"गेला त्याची. म्हातारी 'हाच माझा' म्हणते. मग बायकोने त्या परक्याबरोबर राहायचं?"

पद्मजाबाईंनी वही उघडून पानं चाळली. "बायको नाहीये गोष्टीत," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या लक्षातच नाही आलं."

"घरात असणार की ती. भाकऱ्या कोण करतं?"

पद्मजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सदरा परत देत म्हणाल्या, "अजून थोडा झिजवा. आठ वर्षं हाच अंगावर होता असं वाटायला हवं."

"आठ वर्षं टिकत नाही मॅडम कपडा," रुक्मिणी म्हणाली. कामाचं बोलणं होतं, सहज निघालं. "रोज अंगात असेल तर दीड वर्षात बगल जाते, दोन वर्षांत पाठ. तिसऱ्या वर्षी पोतेरं. कितीही गरीब असू दे, आठ वर्षं तोच शर्ट कुणाच्या..."

तिचा हात थांबला. रेगमाळ कातळावर पडला. पद्मजाबाईंनी दोनदा हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही.

निलेश वेशीच्या सावलीत पागोटं काढून डोकं खाजवत बसला होता. रुक्मिणी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"शर्टाचं मीच तुला सांगितलेलं ना?"

त्याने वर बघितलं आणि त्याला कळलं. तो उठायला लागला, मग बसूनच राहिला. "मावशी..."

"तू बघितला नाहीस."

"नाही."

"मग का बोललास रे?"

"तुम्ही दरवेळी विचारायच्या. मी दरवेळी 'नाही दिसला' म्हणायचो, आणि तुम्ही तरी भाकरी द्यायच्या." पागोट्याचं टोक तो बोटाला गुंडाळत होता. "त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. वाटलं, खूश होतील. एवढं सगळं होईल असं नव्हतं वाटलं, शपथ."

तिला वाटलं होतं आपण त्याच्या थोबाडीत मारू. तसं काही तिच्याने झालं नाही. ती परत जागेवर गेली, सदरा उचलला आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. शनिवारी डब्यात भाकरी जास्त होती. निलेश ती न्यायला आला नाही; तिनेच त्याच्या हातात नेऊन दिली.

रविवारी सकाळी अपूर्वा बाजारात गेली होती. गावाहून फणसाच्या आठळ्या आल्या होत्या. गुणाजी खाली बसून, पुढ्यात कागद पसरून, एकेक आठळी ठेचून साल काढत होता. रुक्मिणी त्याच्यासमोर बसली आणि हात कामाला लावला.

"निलेश खोटा बोललो," ती म्हणाली.

गुणाजीने मान हलवली. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"शर्ट नऊ वर्सां टिकत नाय. माझ्या आधी ध्यानात येवक व्हया होता." तिने आठळी टोपात टाकली. "मी सही करतंय. अपूर्वाचो संसार होवंदे. पण निलेश खोटो म्हणान आपलो झील हर्षद जितो नाय, असां थोडाच आसा? सही केली म्हणान वाट बघूची थोडीच बंद होता? मी बघतलंय वाट."

गुणाजीच्या हातातला बत्ता खाली आला तो आठळीवर न बसता त्याच्या बोटावर बसला. त्याने बोट तोंडात घातलं नाही, झटकलं नाही. तसाच बसला.

"वाट बघू नको," तो म्हणाला.

"कित्याक?"

"तो शर्ट पोलिसांकडे होतो."

बाहेर कुणीतरी नळाखाली कळशी लावली होती. ती भरून वाहू लागली. मग गुणाजीने सांगितलं, तुटक तुटक, आठळ्यांकडे बघत. हरवल्याची तक्रार दिली होती, तिच्यावरून हर्षद गेल्यावर दीड महिन्याने रेल्वे पोलिसांनी बोलावलं होतं. रुक्मिणी तेव्हा तापाने पडली होती, म्हणून तो एकटा गेला. रुळांजवळ सापडलेल्या एका देहाचे बेवारस म्हणून अंत्यविधी आधीच उरकले होते. एक फोटो होता आणि पिशवीत कपडे. फोटोत तोंड स्पष्ट दिसत होतं. हवालदाराने विचारलं, ओळखता का. तो म्हणाला, नाही, आमचा नाही.

"कधीचो फोटो?" तिने विचारलं.

"गेलो त्याच दिवसाचो. सकाळचोच." थोड्या वेळाने तो म्हणाला, "पडलो, काय मुद्दाम... ता कोणी सांगूक नाय. मी इचारूक पण नाय."

"नाय म्हणान कित्याक सांगितलात?"

"माझ्या शब्दान उठलो तो ताटावरसून. हो म्हटलंय असतंय तर तू माझ्या तोंडाकडे कसां बघला असतंस? म्हटलां, आज नाय म्हणूया, उद्या येवन सांगूया. मग तू 'येतलो, येतलो' म्हणूक लागलंस. जेवक लागलंस. माझ्यान झाला नाय."

बोटातून रक्त कागदावर ठिबकत होतं. रुक्मिणीने उठून फडकं आणलं, त्याच्या बोटाला गुंडाळलं आणि गाठ मारली. तिचे हात तिला स्वतःलाच परके वाटत होते.

"जेवल्लो काय तो?" तिने विचारलं. "बाहेर कायतरी खाल्ल्यान असतला?"

"ता माका कसां कळतला?"

ती भिंतीला टेकून बसली. नऊ वर्षं तिने मनातल्या मनात हर्षदला वयाने वाढताना बघितलं होतं. कानशिलावर केस पांढरे झालेला, पोट थोडं सुटलेला. ती रोज त्या माणसाशी बोलली होती. तसा माणूस कधी झालाच नव्हता. पहिल्या दिवशीच सगळं संपलं होतं, आणि त्यानंतर गुणाजी या खोलीत एकटा ते मनात घेऊन राहिला होता.

दोरीवर अपूर्वाचा ड्रेस वाळत होता. रुक्मिणीची नजर त्याच्यावर गेली.

"माझां सोडा," ती म्हणाली. "तिची नऊ वर्सां?"

गुणाजीने तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलू लागले. "मी सांगतंय तिका. आज सांगतंय."

तेवढ्यात अपूर्वा आली, पिशवी टेकवली आणि बोटाचं फडकं बघून म्हणाली, "बाबा, काय करून घेतलंत?" ती लगेच डेटॉल घेऊन खाली बसली. त्याचं बोट मांडीवर घेऊन तिने फुंकर मारत पुसलं. गुणाजीचे डोळे वाहत होते. "एवढं दुखतंय?" तिने विचारलं. तो काही सांगू शकला नाही. रुक्मिणी आठळ्या उकडायला टाकायला उठली.

बुधवारी तिघं बोरिवलीला गेली. नोटरीचा गाळा अरुंद होता. टेबल, शिक्के, दोन खुर्च्या. अपूर्वाला आत जागा नव्हती, ती बाहेर फुटपाथवर उभी राहिली. नोटरीने कागद सरळ केला आणि भराभर वाचत सुटला. शेवटाला येऊन त्याचा वेग कमी झाला.

"सदर हर्षद गुणाजी परब याच्याविषयी गेली नऊ वर्षे आम्हांस काहीही ऐकावयास अथवा समजावयास मिळालेले नाही, हे आम्ही सत्यप्रतिज्ञेवर सांगतो." त्याने दोघांकडे बघितलं. "बरोबर आहे ना?"

गुणाजीने घसा खाकरला. "साहेब, मला जरा..."

काचेतून अपूर्वा दिसत होती. तिने नवीन ड्रेस घातला होता आणि उन्हासाठी ओढणी डोक्यावर घेतली होती. तिच्या हातात सासऱ्याच्या औषधांची पिशवी होती. खरं सांगितलं तर ती काय मनात घेऊन हे घर सोडेल, हे रुक्मिणीने दोन दिवस मनात उलटसुलट करून बघितलं होतं. नऊ वर्षं आपण ज्यांच्या गुडघ्यांना तेल लावलं त्यांनी आपल्याशी काय केलं, हे बरोबर घेऊन तिने नव्या घरात पाऊल ठेवायचं का? तिला न सांगणंही चोरीच होती. रुक्मिणीला तेही कळत होतं.

"बरोबर आहे," रुक्मिणी म्हणाली. "आम्हाला काहीच कळलेलं नाही."

सोपं होतं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

नोटरीने पेन पुढे केलं. तिने सही केली. गुणाजीची पाळी आली तेव्हा त्याला जागा दिसेना. तिने कागदावर बोट ठेवलं. "हंय करा."

बाहेर अपूर्वाने उसाच्या रसाचे तीन ग्लास सांगितले होते. गुणाजीने आपला ग्लास नुसता हातात धरला, प्यायला नाही. मग अपूर्वा रुक्मिणीच्या जवळ सरकली. तिने खालच्या आवाजात, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "आई, पण खरंच तो कधी आला तर?"

रुक्मिणीने ग्लास संपवला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आला तर मी आहे ना घरात. मी त्याला जेवायला वाढीन. तू जा."